तीसपट झूम की माइक इनपुट?

कॅमकॉर्डर घेण्याविषयी आणि घेतल्यानंतरच्या अडचणींविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तो प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांचा असतो.

प्रश्न : दोन कॅमकॉर्डरमध्ये निर्णय अडला आहे. पहिला नवा कोरा आणि तळहातात मावणारा. त्यात १/५.८ इंच सेन्सर (चित्र टिपणारी चिप), ३०पट ऑप्टिकल झूम, फुल एचडी आणि ५० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला ५० मेगाबिट) रेकॉर्डिंग आहे, पण बाहेरचा माइक किंवा हेडफोन लावायची सोय नाही. दुसरा वापरलेला, काही वर्षं जुना. त्यात १/३ इंच सेन्सर, १०पट झूम, एव्हीसीएचडी पद्धतीने २४ एमबीपीएस, माइक आणि हेडफोन दोन्हीची सोय आणि कार्डांचे दोन स्लॉट आहेत. किंमत जवळपास सारखीच. मला सभागृहातली भाषणं, नाटकांचे प्रयोग आणि अधूनमधून मुलाखती टिपायच्या आहेत. एकदाच पैसे घालू शकतो. कोणता घेऊ?

उत्तर : दुसरा घ्या, पण तपासून.

तुमच्या कामात चित्राआधी आवाज बिघडतो. चित्र थोडं दाणेदार असलं तरी लोक भाषण शेवटपर्यंत पाहतात. वक्ता विहिरीतून बोलतोय असं वाटलं, की दोन मिनिटांत बंद करतात. कॅमेऱ्यावरचा माइक वक्त्यापासून दहा-पंधरा मीटर लांब असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. सभागृहात त्यात भिंतींचा घुमारा, पंख्यांची घरघर आणि पुढच्या रांगेतला खोकला मिसळतो. झूम केल्यावर वक्ता जवळ दिसतो, आवाज मात्र होता तिथेच राहतो. शिवाय बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. वक्ता क्षणभर थांबला की कॅमेरा पातळी वर ओढतो आणि घरघर फुगते; तो पुन्हा बोलू लागला की पहिला शब्द फुटतो. पहिल्या कॅमेऱ्यात यावर काहीच इलाज नाही. दुसऱ्यात माइक इनपुट आहे, आणि मेनूत पातळी हाताने ठरवायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं. तशी सोय असेल तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतकी पातळी ठेवा. वक्ता टाळीच्या वाक्यावर चढला तरी वर जागा उरते.

आता झूम. ३० हा आकडा १० पेक्षा मोठा आहे हे खरं, पण तुम्हाला लागतो किती ते मोजता येतं. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याशी तुलना केलेली फोकल लेंथ, म्हणजे लेन्स चित्र किती जवळ आणते तो आकडा, दिलेली असते. वक्त्यापर्यंतचं अंतर गुणिले ३६, भागिले ती फोकल लेंथ, हे केलं की त्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंद जागा मावेल ते मिळतं. १०पट झूमच्या कॅमेऱ्यांचं लांबचं टोक साधारण ३०० मिमीच्या घरात असतं. १० मीटरवरून १२० सेंटिमीटर रुंद आणि ६७-६८ सेंटिमीटर उंच फ्रेम मिळते, म्हणजे वक्ता छातीपासून वर. १५ मीटरवरून १८० सेंटिमीटर रुंद, एक मीटर उंच, म्हणजे कमरेपासून वर. २० मीटरवरून गुडघ्यापासून वर. भाषणाला याहून जवळची फ्रेम लागत नाही, आणि नाटकात तर सतत इतकं जवळ राहताच येत नाही. ३०पट झूमचं टोक ८०० मिमीच्या आसपास जातं. १० मीटरवरून तेवढा झूम केला तर फ्रेमची रुंदी ४५ सेंटिमीटर उरते. वक्त्याने मान वळवली की चेहरा चौकटीबाहेर. हातात धरून ते चित्र स्थिर राहत नाहीच, पण हलक्या ट्रायपॉडवरही शेजारून कोणी चाललं तर थरथरतं.

तीसपट झूम खरोखर कामाचा तो पक्षी टिपणाऱ्यांना किंवा मैदानाच्या टोकाला बसून खेळ टिपणाऱ्यांना, आणि तोही भर उन्हात. कारण झूम वाढवत नेला की लेन्सचं तोंड आकसतं. रुंद टोकाला एफ १.८ (हा आकडा मोठा तितकं तोंड लहान) असलेली लेन्स लांब टोकाला एफ ४ झाली, तर सेन्सरवर पडणारा प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. दुसऱ्या कॅमेऱ्यासारख्या १०पट लेन्स बहुधा एफ १.८ पासून एफ २.८ पर्यंतच जातात. तिथे प्रकाश साधारण चाळीस टक्के उरतो. त्यात सेन्सरच्या आकाराचा फरक मिळवा. १/३ इंच सेन्सरचं क्षेत्रफळ १/५.८ इंचाच्या साधारण पावणेचार पट असतं. नाटकाच्या मंद प्रकाशात छोटा सेन्सर अंधाराची भरपाई सिग्नल वाढवून करतो, त्यातून दाणे उठतात, मग ते पुसायला कॅमेऱ्याची यंत्रणा सगळं गुळगुळीत करते आणि चेहऱ्यावरचे भाव त्यात धुऊन जातात.

५० विरुद्ध २४ एमबीपीएस या आकड्याने बिचकू नका. जास्त बिटरेटने चित्र जास्त इमानाने साठवलं जातं, पण साठवायला मुळात चांगलं चित्र लागतं. दाण्यांनी भरलेलं चित्र ५० ने साठवलं तर दाणे इमानाने साठवले जातात, इतकंच. जुन्या कॅमेऱ्याची खरी त्रुटी वेगळी आहे: त्यातलं रेकॉर्डिंग बहुधा ५०आय असतं. म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, सम आणि विषम ओळींत टिपलेली. संगणकावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात त्या यामुळे. मेनूत पीएफ२५ (सेकंदाला २५ अखंड फ्रेम) असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर एडिटिंग करताना डीइंटरलेस करून, म्हणजे दोन्ही भाग एकत्र सांधून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते विसरून फाइल पाठवली की कॅमेरा उगाच बदनाम होतो.

वापरलेला कॅमेरा पाहायला जाताना स्वतःचं मेमरी कार्ड, हेडफोन, साधा क्लिप माइक, बॅटरी टॉर्च आणि शक्य असेल तर लॅपटॉप घेऊन जा. अर्धा तास तरी काढा.

टॉर्च लेन्समध्ये समोरून आणि मग तिरकी मारून पाहा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा दुधी डाग म्हणजे बुरशी. तो कॅमेरा तिथेच ठेवा, कितीही स्वस्त असला तरी. लेन्सवर झाकण ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर पाहा. काळ्या पडद्यावर एकाच जागी स्थिर राहणारे पांढरे, लाल, निळे ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) खूप चढवल्यावरच एक-दोन दिसत असतील तर सोडून द्या. नेहमीच्या उजेडातही दिसले तर नको.

पूर्ण झूम करून लांबच्या पाटीवर फोकस हाताने पक्का करा आणि मग झूम सावकाश रुंद टोकापर्यंत आणा. वाटेत चित्र पुसट झालं तर आतली भिंगं जागची हललेली आहेत, कॅमेरा बहुधा पडलेला आहे. स्टॅबिलायझर (चित्राची थरथर आवरणारी यंत्रणा) चालू-बंद करून कान लावा. खरखर ऐकू आली किंवा चित्र उडी मारू लागलं तर तेही लक्षण वाईट. घडीचा पडदा हळूहळू उघडा, मिटा, १८० अंशांत फिरवा. मधल्याच एखाद्या कोनात रेषा येत असतील तर बिजागरीतून जाणारी पातळ फीत तुटत आली आहे. माइक लावून, हेडफोन कानाला घालून प्लग अलगद हलवा. करकर झाली तर सॉकेटचं डाखकाम सुटलं आहे. तुम्ही ज्या कारणासाठी हा कॅमेरा घेताय तीच सोय निकामी असेल तर उरतं काय?

दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून फॉरमॅट करा, रेकॉर्ड करा, फाइल लॅपटॉपवर उघडून पाहा. शेवटी बॅटरीवर सलग अर्धा तास चालू ठेवा. जुनी बॅटरी पूर्ण चार्ज दाखवून दहा मिनिटांत मान टाकते. बॅटरी नवी घेता येते, पण त्या मॉडेलची बॅटरी आणि चार्जर अजून बाजारात मिळतो का, हे आधी पाहून ठेवा. कंपन्या ‘सलग रेकॉर्डिंग’चा जो वेळ छापतात तो मनावर घेऊ नका. झूम, थांबणं, पुन्हा सुरू करणं धरलं तर हातात साधारण निम्माच पडतो.

पैशांचं म्हणाल तर सगळी रक्कम कॅमेऱ्यात घालू नका. आमच्या मते दोन-तृतीयांश कॅमेऱ्याला आणि एक-तृतीयांश बाकीच्याला. बाकीचं म्हणजे, याच क्रमाने: माइक, जास्तीची मोठी बॅटरी, ट्रायपॉड, दोन कार्डं. ट्रायपॉडचं डोकं फ्लुइड, म्हणजे आतल्या घट्ट द्रवामुळे अलगद फिरणारं असावं. तेवढं परवडलं नाही तर साध्या डोक्याच्या दांडीला जाड रबरबँड अडकवा आणि दांडीऐवजी रबरबँड ओढून कॅमेरा फिरवा. सुरुवातीचा आणि शेवटचा झटका बराच मरतो. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर बंद ठेवा. नाहीतर कॅमेरा फिरवायला घेतला की तो आधी त्या हालचालीला विरोध करतो आणि थांबल्यावर चित्र आपोआप थोडं पुढे सरकतं.

तपासणीत दुसरा नापास झाला, तर पहिला घ्या आणि सोबत एक छोटा ऑडिओ रेकॉर्डर. तो वक्त्याच्या टेबलावर ठेवा, रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर लावा, आणि दोन्ही यंत्रं चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्हीकडच्या टाळीची टोकं जुळवली की आवाज जुळला. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, त्यामुळे तासाभरात ओठ आणि शब्द काही फ्रेमांनी सुटू शकतात. शेवटीही एक टाळी घ्या, म्हणजे किती ताणायचं ते कळतं.

प्रश्न : दोन ‘फोर के’ कॅमकॉर्डर पाहिले. एक नामांकित कंपनीचा फुल एचडी कॅमेऱ्याच्या दुप्पट किमतीचा, दुसरा अनोळखी नावाचा, फुल एचडीपेक्षाही स्वस्त. दुसऱ्यावर ४८ मेगापिक्सेल आणि १६पट झूम लिहिलं आहे, माइक, दिवा, रिमोट सगळं सोबत. स्वस्तातला घ्यायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत अशी की तो बहुधा फोर के नाही, आणि बरेचदा कॅमकॉर्डरही नाही.

अशा यंत्रांत साधारणपणे मोबाइलच्या जुन्या कॅमेऱ्याच्या दर्जाचा छोटा सेन्सर आणि न हलणारी लेन्स असते. सेन्सर देतो त्याहून मोठं चित्र आत फुगवून तयार करतात आणि त्यालाच फोर के किंवा ४८ मेगापिक्सेल म्हणतात. १६पट झूम म्हणजे डिजिटल झूम: चित्राचा मधला तुकडा कापून ताणायचा. हे काम तुम्ही घरी संगणकावरही करू शकता, तेही पश्चात्ताप झाला तर परत मागे जाता येईल अशा पद्धतीने.

ओळखायचं कसं? माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा: ऑप्टिकल झूम किती पट, फोकल लेंथ किती ते किती, आणि एफ नंबर. खऱ्या कॅमकॉर्डरच्या लेन्सवर हे आकडे कोरलेले असतात. ते कुठेच नसतील आणि फक्त ‘झूम’ लिहिलं असेल तर विषय संपला. कॅमेरा हातात मिळाला तर झूमचं बटण दाबून लेन्सकडे समोरून पाहा. आत भिंगं सरकताना दिसली पाहिजेत. मग बारीक अक्षरांचं वर्तमानपत्र भिंतीला लावा, तीन मीटरवरून फोर केमध्ये आणि फुल एचडीमध्ये एकेकदा टिपा आणि दोन्ही चित्रं सारख्याच आकारात शेजारी ठेवा. फोर केमध्ये एकही जास्तीचं अक्षर वाचता आलं नाही, तर ते नुसतं फुगवलेलं चित्र आहे. या यंत्रांपैकी पुष्कळांत फोकसही कायमचा ठरलेला असतो, त्यामुळे जवळ धरलेली वस्तू कितीही वाट पाहिली तरी पुसटच राहते.

खऱ्या फोर केचाही हिशेब करून ठेवा. १०० एमबीपीएसने एका तासाला ४५ जीबी लागतात. ५० एमबीपीएसच्या फुल एचडीला साडेबावीस. बॅकअपची एक प्रत धरली तर दोन्ही आकडे दुप्पट. जुन्या लॅपटॉपवर ते फूटेज अडखळत चालतं. प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती करून त्यांवर एडिटिंग करावं लागतं. फोर केचा एक उपयोग मात्र नाकारता येत नाही. शेवटची फाइल फुल एचडीत द्यायची असेल तर एका रुंद फ्रेममधून निम्म्या रुंदीची जवळची फ्रेम दर्जा न घालवता कापता येते. एकट्याने दोन वक्त्यांचा संवाद टिपणाऱ्याला तो जणू दुसरा कॅमेराच. पण त्यासाठी उजेड चांगला लागतो. अंधाऱ्या सभागृहात लहान सेन्सरच्या फोर केपेक्षा मोठ्या सेन्सरचं फुल एचडी सरस दिसतं.

प्रश्न : सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून केबल काढून थेट कॅमकॉर्डरच्या माइक इनपुटला जोडली. हेडफोनवर आवाज चांगला वाटला, थोडा पोकळ. तीच फाइल मोबाइलवर लावली तर वक्त्याचा आवाज जवळजवळ गायब, टाळ्या मात्र ऐकू येतात. कॅमेरा बिघडला का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, केबलने घात केला.

मिक्सरच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटपुटमध्ये एकच आवाज दोन तारांवरून येतो, एका तारेवर सुलटा आणि दुसऱ्या तारेवर उलटा. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. लांब केबलमध्ये शिरलेला गोंगाट पलीकडे वजा व्हावा म्हणून ती तशी असते. कॅमकॉर्डरचं ३.५ मिमीचं इनपुट स्टिरिओ असतं. त्याला त्या दोन तारा म्हणजे डावा आणि उजवा असं वाटतं. मग डावीकडे सुलटा आवाज, उजवीकडे तोच उलटा. हेडफोनवर दोन्ही कानांना वेगवेगळे मिळतात म्हणून चालून जातं, फक्त आवाज डोक्याच्या मधोमध बसत नाही. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्हींची बेरीज होते आणि बेरीज शून्य. टाळ्या उरल्या असतील तर त्या दुसऱ्या माइकने किंवा कॅमेऱ्याने स्वतंत्र टिपलेल्या आहेत.

झालेलं रेकॉर्डिंग वाचतं. एडिटिंगमध्ये दोनपैकी एकच चॅनेल ठेवा आणि तोच दोन्हीकडे द्या, किंवा एका चॅनेलचा फेज उलटा करा, म्हणजे उलटा आवाज सुलटा होतो. पुढच्या वेळी एक्सएलआरच्या दोन क्रमांकाच्या पिनेचा सिग्नल डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे देणारी केबल बनवून घ्या. मिक्सर ट्रान्सफॉर्मर आउटपुटचा नसेल तर तीन क्रमांकाची पिन मोकळी सोडावी.

दुसरी गोष्ट, मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइन पातळीचा असतो. तो माइकच्या सिग्नलपेक्षा साधारण ४० डेसिबलने, म्हणजे व्होल्टेजमध्ये शंभरपट मोठा धरा. कॅमकॉर्डरच्या मेनूत माइक आणि लाइन असा बदल असेल तर लाइन निवडा. नसेल तर मध्ये अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड लावा. नुसती रेकॉर्डिंगची पातळी कमी करून भागत नाही, कारण आवाज त्या नियंत्रणाच्या आधीच, आतल्या पहिल्या टप्प्यात फुटलेला असतो. मीटर सभ्यपणे खाली दिसत असतो आणि आवाज फाटका येतो तो यामुळे.

आणि मोबाइलसाठीचा क्लिप माइक कॅमकॉर्डरला लावणार असाल तर प्लगवरचे काळे पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर तो चार संपर्कांचा मोबाइलचा प्लग, कॅमेऱ्यात तो मुका राहतो किंवा नुसती घरघर देतो. छोटं अ‍ॅडॅप्टर लागतं.

प्रश्न : घरात मिनीडीव्हीच्या बऱ्याच कॅसेट आहेत. त्या संगणकावर घ्यायच्या म्हणून जुना टेपचा कॅमकॉर्डर घ्यावा आणि पुढे तोच शूटिंगलाही वापरावा, की कार्डावर चालणारा घ्यावा?

उत्तर : ही दोन कामं एकाच यंत्राच्या गळ्यात मारू नका. कॅसेट उतरवण्यापुरता टेपचा कॅमेरा उसना किंवा भाड्याने घ्या, शूटिंगला कार्डाचा घ्या.

मिनीडीव्ही १९९५ मध्ये आली. चित्र २५ एमबीपीएसचं, पाल या टीव्ही पद्धतीत ७२० गुणिले ५७६. आजच्या पडद्यावर ते लहान आहे. तासाभराच्या कॅसेटला साधारण १३ जीबी जागा लागते आणि ती उतरायला पूर्ण तासच लागतो, घाई करता येत नाही. उतरवायचं ते फायरवायरने, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायच्या जुन्या डिजिटल केबलने. त्यात टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो. याच कॅमेऱ्यांवर जे यूएसबी असतं ते बहुधा फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी. पिवळी-पांढरी-लाल केबल वापरली तर चित्र अ‍ॅनलॉग होऊन पुन्हा डिजिटल होतं आणि दर्जा घसरतो. अडचण संगणकाची आहे. नव्या लॅपटॉपवर फायरवायर मिळत नाही. जुना डेस्कटॉप असेल तर त्यात फायरवायरचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवणं सगळ्यात बिनत्रासाचं. केबल जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या सॉकेटमध्ये विजेचा पुरवठाही असतो आणि प्लग उलटा शिरला तर पोर्ट जळतं.

कॅमेरा घेताना कॅसेट पाल आहेत की एनटीएससी (दुसरी टीव्ही पद्धत) ते पाहा, कॅमेराही त्याच पद्धतीचा हवा. ‘एलपी’ वेगात, म्हणजे तासाच्या कॅसेटवर दीड तास भरलेल्या टेप ज्या कॅमेऱ्यावर भरल्या त्याच्यावरच नीट चालण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यावर चित्रात चौकोन उडतात, आवाज तुटतो. साध्या वेगातल्या टेपवरही चौकोन दिसले तर टेप वाचणारं हेड मळलं आहे. क्लीनिंग कॅसेट पुस्तिकेत दिलेल्या वेळेपुरतीच, म्हणजे काही सेकंद चालवा. ती घासून साफ करते, उगाच पुन्हा पुन्हा चालवली तर हेडच झिजतं. बरीच वर्षं न उघडलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या.

प्रश्न : नवं १२८ जीबीचं कार्ड, तरी रेकॉर्डिंग मध्येच थांबतं आणि कार्ड हळू असल्याचा संदेश येतो. शिवाय लांब भाषणाचे तीन-चार तुकडे होतात आणि प्रत्येक जोडापाशी आवाज क्षणभर तुटतो.

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग वाचण्याचा असतो. आपल्याला लिहिण्याचा, तोही किमान वेग हवा. यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३०. ५० एमबीपीएसला खरी गरज सव्वासहा मेगाबाइटची, म्हणून कागदावर यू१ पुरतं. पण काही कॅमेरे १०० एमबीपीएससाठी यू३ नसलं तर रेकॉर्डिंग सुरूच करत नाहीत. पुस्तिकेत पाहून त्याप्रमाणे घ्या. कार्ड योग्य वर्गाचं असूनही थांबत असेल तर ते बनावट असू शकतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफथ्री ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात. १२८ जीबी छापलेल्या कार्डात खरे ३२ जीबी निघाले तर दुकानदाराकडे परत करायला पुरावा हातात असतो. तपासणीनंतर कार्ड संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

तुकडे पडतात ते फाइलच्या कमाल आकारामुळे. कार्डावर फाइली साठवायच्या एफएटी३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, काही कॅमेरे २ जीबीलाच तोडतात. कॅमेऱ्याने काहीही गाळलेलं नसतं, पण आवाजाचा एखादा अंश एका तुकड्याच्या शेवटी आणि उरलेला पुढच्याच्या सुरुवातीला जातो. तुकडे एडिटिंगमध्ये एकापुढे एक ठेवले की तिथे टिचकी ऐकू येते. म्हणून कार्डावरून सुट्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइल उचलू नका. ‘प्रायव्हेट’ नावाचं आख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा आणि कॅमेऱ्यासोबतच्या किंवा एव्हीसीएचडी ओळखणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरने ते आयात करा. त्याला कोणते तुकडे एका शॉटचे ते त्या फोल्डरमधल्या छोट्या फाइलींवरून कळतं आणि जोड बेमालूम लागतो.

प्रश्न : त्याच पैशात वापरलेला मिररलेस (लेन्स बदलता येणारा, मुख्यतः फोटोंचा कॅमेरा) मिळतो. चित्र सुंदर येतं. मग कॅमकॉर्डर कशाला?

उत्तर : मुलाखतींसाठी मिररलेस घ्या, दोन तासांच्या नाटकासाठी नको. पुष्कळ जुने मिररलेस २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. युरोपात तीस मिनिटांहून जास्त सलग टिपणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा वाढीव आयातकर लागत असे, तो चुकवण्यासाठी ही मर्यादा घातली गेली. त्याआधीच काही तापून बंद पडतात. सलग झूम करणारी मोटरची लेन्सही सहसा नसते.

प्रश्न : कॅमकॉर्डरच्या चित्रात वरून खाली पट्टे सरकत राहतात. फक्त घरात, बाहेर नाही.

उत्तर : दिव्यांचा मेळ शटरशी बसत नाही. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर हाताने बसवा. ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. परदेशातून आणलेल्या ६० फ्रेमच्या कॅमेऱ्यात हे हमखास होतं, आणि अनेक मॉडेलांत ५०-६० असा बदल मेनूत नसतोच, म्हणून असा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी शटर हाताने बदलता येतं का ते आधी पाहा. शटर बदलूनही पट्टे राहिले तर दोष हलक्या एलईडी दिव्याचा किंवा त्याच्या डिमरचा. डिमर पूर्ण वर करून पाहा, नाहीतर तो दिवा बंद करून दुसरा लावा.